दोन हंगाम

आमच्या घरी दिवाळीच्या आगेमागे दोन हंगाम सुरू होतात. एक उसाचा: भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर, दोन्हीकडे तोडणीच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात आणि चौफुला-न्हावरे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे वाहनं रांगेत चालतात. दुसरा हंगाम रणजी करंडकाचा. पहिल्यावर घर चालतं, दुसऱ्यात माझा जीव गुंतलेला असतो.

ज्याच्यासाठी जीव गुंततो तो संघ ‘महाराष्ट्र’. नाव राज्याचं असलं तरी संघ अख्ख्या राज्याचा नाही. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. पुणे, नाशिक, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या बाजूची पोरं खेळतात तो महाराष्ट्र. शिरूर-दौंडच्या माणसाला हक्काने ‘आपला’ म्हणता येईल असा रणजीतला हा एकच संघ. मुंबईने 42 वेळा करंडक जिंकला. विदर्भाने मार्च 2025 मध्ये नागपुरात तिसऱ्यांदा उचलला. आपल्याकडे दोन विजेतेपदं आहेत आणि त्यांतलं शेवटचं 1940-41 चं. तरीही दर ऑक्टोबरला मी नव्याने हिशेब मांडतो.

आघाडीचं गणित

हा हिशेब वीस षटकांचं क्रिकेट पाहणाऱ्याला आधी समजावून सांगावा लागतो. साखळीतला सामना चार दिवसांचा. निर्विवाद विजयाला 6 गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर 7. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 आणि मागे राहिलेल्याला 1. म्हणून आमच्यासारख्यांचा श्वास अडकतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. समोरच्यांचे आठ गडी बाद झालेले असतात, आघाडीला वीस-पंचवीस धावा कमी असतात आणि त्यांचं शेपूट वळवळत असतं.

या संघाचा इतिहासही अशा आघाड्यांनी भरलेला आहे. 1940-41 मध्ये पुण्यात मुंबईने 650 धावा केल्या. उत्तरात महाराष्ट्राने 675 केल्या आणि 25 धावांच्या आघाडीवर सामना आपला झाला. त्यात 246 धावा कर्णधार दि. ब. देवधरांच्या. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आदल्या वर्षीचा करंडकही त्यांच्याच नेतृत्वाखाली आला होता, आणि त्या मोसमात सांगलीच्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढल्या होत्या.

ऑक्टोबर 2016 मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी 594 धावांची अभेद्य भागी केली. गुगळे नाबाद 351, बावणे नाबाद 258, संघ 2 बाद 635. एवढं करूनही जीव टांगणीलाच, कारण दिल्लीच्या ऋषभ पंतने 308 धावा ठोकल्या. दिल्ली 590 वर आटोपली तेव्हा कुठे ते तीन गुण पदरात पडले.

नऊ धावा आणि एक अंतिम सामना

या संघाचा चाहता हुरहूर वागवायला शिकतो. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा 452 धावांचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. मधल्या सुट्टीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही, सामना सोडून निघून गेला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पण भारतीय प्रथम श्रेणी क्रिकेटमधली सर्वोच्च खेळी आजही त्यांचीच आहे.

आमच्या पिढीची हुरहूर 2013-14 ची. क गटातून वर आलेला संघ उपांत्यपूर्व फेरीत मुंबईसमोर उभा राहिला, तोही वानखेडेवर. पहिल्या डावात 122 धावांची पिछाडी. मग आपल्या गोलंदाजांनी मुंबईला 129 धावांत गुंडाळलं आणि केदार जाधव व जालन्याचा विजय झोल यांनी 252 चं लक्ष्य दोनच गडी गमावून पार करून दिलं. उपांत्य सामन्यात बंगाल दहा गड्यांनी हरला. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मात्र कर्नाटक भारी पडलं. केदारने त्या मोसमात 1223 धावा केल्या. करंडक आला नाही, पण त्या जानेवारीत आमच्याकडच्या पारावर ऊसदराच्या जोडीने पहिल्यांदाच रणजीची चर्चा झाली.

गहुंजेची वाट

2012 मध्ये द्रुतगती मार्गालगत गहुंजेचं स्टेडियम सुरू झालं आणि आमची वाट लांबली. आधी सामने व्हायचे ते नेहरू स्टेडियम स्वारगेटजवळ. आता दौंडहून पहाटेची गाडी धरून पुणे, तिथून लोणावळा लोकलने देहूरोड, पुढे रिक्षा. माझे दाजी शिरूरहून एसटीने येतात, त्यांची माझी भेट पुणे स्टेशनवर. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. साडेनऊच्या पहिल्या चेंडूला कधी पोचतो, कधी नाही.

हजारोंच्या स्टेडियममध्ये आम्ही जेमतेम शे-दोनशे. पण त्या शांततेत बॅटचा आवाज थेट कानावर येतो, यष्टिरक्षकाने गोलंदाजाला मराठीत दिलेली हाक ऐकू येते. आंतरराष्ट्रीय सामन्यात हे कधीच मिळत नाही. 2012 च्या मोसमात उत्तर प्रदेशविरुद्ध केदारने इथेच 327 धावा काढल्या. चहापानाला मी विचारतो, “दाजी, लीड मिळेल?” ते मैदानावरची नजर न काढता म्हणतात, “टिकले तर मिळेल.” वर्षानुवर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

इंग्लंड-वेल्सच्या 18 कौंट्यांना अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या लाभली आहेत. डबा घेऊन चार दिवस बसणारी, दुसऱ्या फळीतल्या पोरांचीही नावं पाठ असणारी. आपला करंडक ज्यांच्या नावाचा आहे ते रणजितसिंहही ससेक्स कौंटीकडून खेळले. स्पर्धेला त्यांचं नाव आपण दिलं, आता कौंटीच्या प्रेक्षकांची ती सवयही आपण लावून घ्यायला हवी.

जड मोसम, येता मोसम

2024-25 चा मोसम आपल्याला जड गेला. श्रीनगरला जम्मू-काश्मीरच्या शुभम खजुरियाने आपल्याविरुद्ध 255 धावा केल्या. मुंबईत मुंबईविरुद्ध आपला पहिला डाव 126 धावांत संपला. दुसऱ्या डावात ऋतुराज गायकवाडने 145 आणि बीडच्या सचिन धसने 98 धावा करून झुंज दिली, तरी नऊ गड्यांनी हार पत्करावी लागली. बाद फेरीत आपल्या गटातून मुंबई आणि जम्मू-काश्मीर गेले. पण जानेवारीत नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर याच संघाने बडोद्याला 439 धावांनी हरवलं. पहिल्या डावात 297, दुसऱ्यात 464, आणि बडोद्याच्या दोन्ही डावांची बेरीज 322! ती आकडेमोड मी डायरीत दोनदा लिहून ठेवली आहे.

2025-26 च्या मोसमात मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळचा जलज सक्सेना आपल्याकडे आले. रणजीत 6000 धावा आणि 400 बळी अशी दुहेरी मजल मारणारा सक्सेना हा पहिला खेळाडू. त्यांचं स्वागतच आहे. तरी माझं लक्ष त्यांच्याइतकंच जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या पोरांकडे असतं. आमच्या दोन्ही तालुक्यांत जत्रेच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांना मांडव अपुरा पडतो. त्या मांडवातल्या एखाद्या पोराला लेदर चेंडू हाती घ्यावासा वाटायचा असेल, तर त्याने एकदा तरी गहुंजेला चार दिवसांचा सामना पाहायला हवा. गावोगावच्या क्रीडा मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे: वर्षातून एक दिवस एक गाडी करा, पोरांना तिथे घेऊन जा.

एका वर्षीचा उतारा कमी आला म्हणून शेतकरी रान टाकून देत नाही. पाचट काढतो, पाणी सोडतो आणि पुढच्या हंगामाला लागतो. पंचाऐंशी वर्षं करंडक न आलेल्या संघाकडे मी याच नजरेने पाहतो. डायरीचं नवं पान आखून ठेवलं आहे: सामना, ठिकाण, पहिला डाव, आघाडी, गुण. दाजींचा फोनही येऊन गेला. पहिली गाडी कोणती धरायची, एवढंच ठरायचं आहे.