काळा दगड, टोकदार शिखर... म्हणजे ज्वालामुखी?

दिंडोरीहून वणीकडे निघालं की सातमाळ रांग दिसायला लागते. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, पुढे रावळ्या-जावळ्या, धोडप. दगड लाव्हाचा आणि काही शिखरं टोकदार. त्यामुळे "हे सगळे मृत ज्वालामुखी" असं आपल्याकडे सहज बोललं जातं. बोलण्यात ठीक आहे हो, पण हेच वाक्य तुम्ही पीएचडीच्या प्रस्तावात लिहिलंत, तर मुलाखतीत पहिला प्रश्न येईल: पुरावा काय?

तुलनेसाठी खराखुरा उंच ज्वालामुखी घ्या. टांझानियातला किलिमांजारो, 5895 मीटर, आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर. त्याचे शंकू तीन: शिरा, मावेन्झी आणि किबो. पहिले दोन मृत, किबो निद्रिस्त. त्याच्या मुखातून अजूनही वायू निघतात. अशा डोंगरात लाव्हा आणि राख मुखाभोवतीच साचत जाते, म्हणून थर मध्यापासून बाहेरच्या बाजूला उतरते असतात.

आता सातमाळकडे बघा. थर जवळजवळ आडवे. एका डोंगराचा थर दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरात त्याच सुमाराच्या उंचीवर सापडतो. म्हणजे मधला भाग नंतर झिजून गेलाय. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला आणि पसरत गेला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलाय. पुढे पाऊस आणि नद्यांनी तो कोरला. आपली शिखरं उद्रेकाने उभी राहिलेली नाहीत, झीज होऊन उरलेली आहेत. 'ट्रॅप' हा शब्दही पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळा: "बेसाल्ट पातळ असतो, म्हणून शंकू होत नाही." जपानचा फुजी (3776 मीटर) मुख्यतः बेसाल्टचाच आहे, तरी शंकू कसा देखणा! लाव्हा किती पातळ, किती आला, किती वेगाने आणि कुठून, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

बर्फाचं काय? वर जाताना तापमान दर किलोमीटरला सरासरी 6.5 अंश उतरतं. नाशिकची उंची 600 मीटर आणि वर्षाचं सरासरी तापमान ढोबळ 25 अंश धरलं, तर शून्य अंश गाठायला आणखी 3.8 किलोमीटर चढावं लागेल. म्हणजे साधारण 4400 मीटर. कळसूबाई 1646 मीटरवरच थांबते! किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम 3 अंशांवर, तरी माथ्यावर बर्फ आहे ते उंचीमुळे. अर्थात तेही आटतंय: 1912 ते 2007 दरम्यान तिथलं सुमारे 85 टक्के बर्फाचं क्षेत्र गेलं.

मग लाव्हा वर आल्याची खूण आपल्याकडे दिसते का? दिसते ना. धोडपच्या माथ्याजवळची ती सरळसोट भिंत आणि तिच्यातली खाच आठवा. ती डाइक आहे: भेगेत शिरलेला लाव्हारस तिथेच थिजला आणि आजूबाजूचा दगड झिजल्यावर उघडा पडला. आता ती भिंत पृष्ठभागावर लाव्हा ओतणारी भेग होती की आधीच्या थरांत नुसतीच घुसलेली, हे फोटोवरून ठरत नाही. तिच्या दगडाचे नमुने घेऊन त्यांची रासायनिक जुळणी वरच्या-खालच्या थरांशी करून बघावी लागते.