उजेडाचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी एक वाद उभा राहिला. दहावी उत्तीर्ण झालेल्या पुतण्याने ‘मला व्हिडिओ गेम नुसते खेळायचे नाहीत, रचायचे आहेत’ असे जाहीर केले. “दादा, तुम्हीच याला समजवा,” म्हणून बंधूंनी आम्हांस पंच नेमले. खटला न ऐकता निकाल देणे आमच्या पेशास शोभणारे नव्हते. म्हणून एका सायंकाळी आम्ही त्या यंत्रापुढे बसलो.

“काका, आधी रस्त्याकडे पाहा,” पुतण्या म्हणाला. पडद्यावरील ओल्या रस्त्यात दुकानांचे दिवे उमटले होते आणि नायक चालू लागताच ती प्रतिबिंबेही सरकत होती. पूर्वी उजेड-सावल्यांचे बरेचसे काम आधीच उरकून ठेवीत. भिंतीवर रंग द्यावा तसा उजेड दृश्यावर चढविलेला असे. आता यंत्र स्वतः किरणांचा माग काढते. आपल्या चौमहल्ला प्रासादात झुंबरांचा प्रकाश संगमरवरावर पडून पुन्हा वर उसळतो ना, तशा परावर्तनांचे गणित ते क्षणोक्षणी मांडते. कल्पना मात्र जुनी आहे. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली या पद्धतीवर गाजलेला निबंध लिहिला, तेव्हा एका चित्रास तासाहून अधिक वेळ लागे. आज सेकंदास तीस किंवा साठ चित्रे लागतात. म्हणूनच काही उजेड खरा मोजून आणि काही जुन्या युक्त्यांनी भागवून काम साधावे लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये फिरती हार्डडिस्क होती. तिच्यावरून एक गिगाबाइट मजकूर आणावयास सुमारे वीस सेकंद लागत. ग्रंथपालाने तळघरातून पोथी आणीपर्यंत वाचकाने ताटकळावे, तसा हा प्रकार. तेवढा वेळ निभावण्यासाठी रचनाकार नायकास लिफ्टमध्ये उभा करीत, नाही तर अरुंद बोळातून सावकाश चालवीत. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मधील एसएसडी सेकंदास ५.५ गिगाबाइट वाचते. त्यामुळे बोळ आता कथेस हवा असेल तरच घालायचा. यंत्राच्या सोयीसाठी नव्हे.

“यात आपले काय आहे?” बंधूंनी विचारले. प्रश्न रास्त होता. या यंत्राच्या गाभ्यातील चिप एएमडी कंपनीची आहे आणि त्या कंपनीचे अभियंते आपल्या हैदराबादेतही काम करतात. पण आम्हांस अधिक मोलाचा वाटला तो पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने रचलेला ‘राजी’ हा खेळ. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या खेळात कथेचे प्रसंग छाया-बाहुल्यांच्या धाटणीने सांगितले आहेत. तेलुगु मुलखातील तोलुबोम्मलाट किंवा कोकणातील पिंगुळीच्या कातडी बाहुल्या पाहिलेल्यांना ती खूण तत्काळ पटेल. एक दिवा, एक पडदा आणि मध्ये बाहुली, एवढ्याच सामग्रीवर आपल्या लोकांनी रात्री जागविल्या आहेत.

तरीही बंधूंची धास्ती निराधार नव्हती. याच चमूने २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारू पाहिला, तेव्हा ठरलेली रक्कम जमली नव्हती. पुढे खेळ पुरा झाला; पण पोटाची हमी या वाटेवर सहज मिळत नाही, हे पुतण्यास आम्ही स्पष्ट सांगितले.

असो. आमचा निकाल असा पडला: अकरावीस भौतिकशास्त्र आणि गणित सोडायचे नाही, कारण किरणांचा हिशेब तिथेच शिकतात, रोज एक चित्र काढायचे, आणि वर्षाच्या आत एक लहानसा खेळ स्वतः रचून वडिलांस दाखवायचा. बंधूंनी मान डोलावली नाही, पण नकारही दिला नाही. परवा गेलो तेव्हा पुतण्या कंदिलापुढे हात धरून भिंतीवर हरणाची सावली पाडीत होता आणि कंदील मागेपुढे सरकवीत तिची लांबी वहीत टिपत होता. कंदील बंधूंनी धरला होता.