शेतापासून पानापर्यंत

मोठ्या शहरांच्या पेठांतून हल्ली एका नव्या धाटणीच्या उपाहारगृहांची चलती आहे. मातीने लिंपल्यासारख्या भिंती, दाराशी बैलगाडीचे चाक, आत कंदील. आणि येथील अन्न थेट शेतातून येते अशी ग्वाही. या प्रथेचे श्रेय पुष्कळदा अमेरिकेतील ॲलिस वॉटर्स यांना दिले जाते. त्यांनी १९७१ साली बर्कले येथे ‘शे पानीस’ हे उपाहारगृह काढले आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडून ऋतुमानाप्रमाणे ताजा माल घेऊन रांधण्याचा पायंडा पाडला.

परंतु औराद, बीदर, कलबुर्गी या आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. येथे तिचे नाव खानावळ. कानडी माणूस तिला ‘खानावळी’ म्हणतो, एवढाच फरक, ताट एकच. ज्वारीची भाकरी, म्हणजेच जोळद रोट्टी, भरली वांगी, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीचे वरण. कलबुर्गीच्या तूरडाळीस तर २०१९ साली भौगोलिक मानांकनही लाभले.

भाकरीला मुळातच लांबचा प्रवास मानवत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून पीठ गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते. पीठ जुने झाले की भाकरी थापताना तुटते. तेव्हा दळण ताजे हवे आणि थापणारा हात तव्याजवळ हवा. खानावळीच्या भाकरीची गोडी यातच आहे.

मार्गशीर्ष अमावास्येला आपल्याकडे येळवस होते. त्या दिवशी अन्न शेतातून घरी येत नाही, घरच शेतात जाते. कडब्याच्या कोपीजवळ पूजा होते आणि आंबील व भज्जी यांची पंगत बसते. भज्जीत काय पडावे, हे ऋतू ठरवितो: ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, त्या दिवसांतील पालेभाज्या.

मात्र या ताटाचा पायाच आता खचू लागला आहे. गेल्या काही दशकांत बीदर जिल्ह्यात सोयाबीन पसरले आणि ज्वारीचा पेरा घटला. सोयाबीन रोख पैसा देते. शेतकऱ्यास दोष कसा द्यावा? पण ज्वारी दाणा माणसाला देते आणि कडबा गुरांना. ज्वारी गेली की कडबा जातो, गुरे पोसणे अवघड होते आणि त्यांच्याबरोबर शेणखतही जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. गौरव झाला, हे चांगलेच. परंतु शेतकरी पेरणी करतो ती भाव आणि खप पाहून.

म्हणून अशा उपाहारगृहाची परीक्षा कंदिलावरून करू नये. मालकास विचारावे, ही ज्वारी कोणत्या गावची? पिकविणाऱ्याच्या हाती काय पडले? बाराही महिने त्याच भाज्या वाढल्या जात असतील, तर शेताशी नाते पाटीपुरतेच आहे असे समजावे. उलट एखादी साधी, धुराने काळवंडलेली खानावळ या प्रश्नांची सरळ उत्तरे देत असेल, तर तेथे आवर्जून जेवावे. तिचा खप वाढला, तरच शेजारच्या शिवारात ज्वारीची पाभर पुन्हा चालेल.