न्याहारी आणि मेंदूची शिदोरी

शाळेत प्रार्थना चालू असताना एखादा मुलगा चक्कर येऊन मटकन खाली बसतो, हे तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. "सकाळी काय खाल्लेस?" असे गुरुजींनी विचारले, की बहुधा उत्तर येते, "नुसता चहा घेतला." चक्कर सर्वांना दिसते. पण तिसऱ्या तासाला गणित सुचेनासे झाले, तर ते कोणाला दिसत नाही. मग त्या मुलावर 'याला डोके नाही' असा शिक्का बसतो. तो कितपत खरा?

एक साधा हिशेब करू. रात्री आठला जेवलात आणि दुसऱ्या दिवशी दहाला मधल्या सुट्टीत डबा उघडलात, तर मध्ये 14 तास जातात. झोपेत हातपाय विसावतात. मेंदूचे काम मात्र चालूच असते. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या अवघा 2 टक्के असतो, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे ग्लूकोज ही साखर. तासाला सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर. 14 तासांचे झाले 70 ग्रॅम!

हे ग्लूकोज येते कोठून? मेंदूजवळ स्वतःचे कोठार जवळजवळ नाही. कोठार आहे यकृतात. जेवणानंतरचे जादा ग्लूकोज यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि रात्रभर थोडे थोडे रक्तात सोडते. प्रौढाच्या यकृतात हा साठा सुमारे 100 ग्रॅम असतो, आणि त्यातून रक्तातील तांबड्या पेशींनाही वाटा द्यावा लागतो. साठा उतरू लागला, की यकृत प्रथिनांच्या घटकांपासून अधिकाधिक नवे ग्लूकोज बनवते. म्हणून एक दिवस न खाल्ल्याने मेंदू काही बंद पडत नाही.

मुलांचा हिशेब मात्र ओढाताणीचा असतो. त्यांचे यकृत लहान आणि मेंदू वाढीच्या घाईत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, पाचव्या वर्षाच्या सुमारास विश्रांत शरीराच्या खर्चाच्या सुमारे दोन तृतीयांश इतकी ऊर्जा मेंदूलाच लागते.

मग न्याहारी केली तर अभ्यास सुधारतो का? न्याहारी करणाऱ्या आणि न करणाऱ्या मुलांचे नुसते गुण ताडून पाहिले, तर फसगत होते. कारण पोटभर न्याहारी मिळणाऱ्या घरात पुस्तके, औषधपाणी या सोयीही अधिक असू शकतात. म्हणून जमैका बेटावरील ग्रामीण शाळांत शास्त्रज्ञांनी मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटाला शाळेत न्याहारी दिली, दुसऱ्याला संत्र्याचा चतकोर तुकडा. 1998 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: वर्षभरात न्याहारीच्या गटाची उंची, वजन आणि हजेरी थोडी वाढली, आणि लहान वर्गांतील मुलांचे अंकगणित सुधारले. त्याआधी 1989 साली तेथेच आढळले होते, की न्याहारी चुकली तर कुपोषित मुलांची बौद्धिक चाचण्यांत घसरण होते. सुपोषित मुलांत तशी घसरण दिसली नाही.

म्हणजे न्याहारी ही हुशारीची गोळी नव्हे. शिवाय जमैकातच एक गोष्ट आढळली, ती शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. चांगल्या सोयींच्या शाळेत न्याहारीनंतर मुलांचे कामात लक्ष वाढले. गैरसोयीच्या, दाटीवाटीच्या वर्गांत मात्र पोटभर खाल्लेली मुले अधिक गप्पा मारू लागली! पोटाबरोबर वर्गही नीट हवा.

आपल्याकडे तमिळनाडूने सप्टेंबर 2022 मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली, ती याच जाणिवेतून.

न्याहारीला महागडे डबे लागत नाहीत. रात्रीची भाकरी आणि दूध, मूठभर शेंगदाणे घातलेले पोहे, मोडाची उसळ, नाचणीचे आंबील यांतले काहीही चालेल. चहा मात्र जेवणाबरोबर नको, कारण त्यातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही.

आता एक काम करा. आठवडाभर रात्रीचे जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे पहिले खाणे यांत किती तास गेले, ते वहीत लिहा. मुद्दाम उपाशी राहू नका. आणि शेजारच्या बाकावरचा मित्र पेंगताना दिसला, तर त्याला हसण्याआधी हळूच विचारा, "सकाळी काही खाल्लेस का?"