एक गुडघा आणि सात गडी

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेलार नांवाचें गांव आहे. गांव म्हणावें तर यंत्रमागांची खडखड पहांटेपासून कानीं येते, आणि शहर म्हणावें तर संध्याकाळीं मोकळ्या जागेंत मुलें अजून चुन्याच्या रेघा मारून कबड्डी खेळतात. गेल्या हिवाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं आमचा तेथें आठवडाभर मुक्काम झाला. स्नेही सेवानिवृत्त शिक्षक. त्यांचें एकत्र कुटुंब चौदा माणसांचें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं त्यांचा एक जुना विद्यार्थी लंगडत येऊन ओटीवर बसला. वय अवघें एकोणीस. दिवसा गोदामांत माल चढविण्या-उतरविण्याचें रोजंदारीचें काम, आणि संध्याकाळीं गांवच्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू. आदल्या रात्रीं उपांत्य सामन्यांत, कोणाचा धक्का लागलेला नसतां, परत फिरतांना त्याच्या गुडघ्यांत ‘कट्’ असा आवाज झाला होता. घरीं पोंचेपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. अंतिम सामना पांच दिवसांवर आलेला.

“सर, पट्टी घट्ट बांधून खेळलों तर चालेल ना?” एवढेंच त्याला विचारावयाचें होतें.

ओटीवर लगेच मतमतांतरें सुरू झालीं. घरांतल्या एकानें सांगितलें कीं गरम तेलानें चोळून घे. दुसऱ्यानें हळदीचा लेप सुचविला. तिसरा म्हणाला, “ढाल गांवांत येण्याची ही पहिलीच वेळ, आतां बसलास तर जन्मभर बोल लागेल.” मास्तरांच्या मातुःश्री आंतून ऐकत होत्या. त्या दारांत येऊन म्हणाल्या, “ढाल गांवाची आहे रे बाबा, पाय मात्र तुझा एकट्याचा आहे. आधीं डॉक्टरांना दाखव.”

हा प्रश्न एका शेलारचा नव्हे. खेळ जेथें जेथें मन लावून खेळला जातो, तेथें तो कधीं ना कधीं उभा राहतोच. आणि जेथें खेळ हाच व्यवसाय झाला आहे, तेथें तो कोटींच्या भाषेंत विचारला जातो. म्हणून आमच्या वाचकांपुढें आज दोन-तीन संघांच्या हकीकती ठेवाव्या असें आम्हांस वाटलें.

पहिली हकीकत बास्केटबॉलची. हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें शोधून काढला. हिवाळ्यांत मुलांना छपराखालीं खेळतां यावें आणि फूटबॉलमधील धसमुसळेपणा टळावा, असा त्याचा हेतु होता. चेंडू हातांत घेऊन पळावयाचें नाहीं, हा नियम त्यानें मुद्दामच घातला. परंतु आजच्या अमेरिकन व्यावसायिक संघांना सुमारें सहा महिन्यांत ८२ साखळी सामने खेळावे लागतात, आणि उडी मारणें, उतरणें, एकदम थांबणें व वळणें यांचा सारा भार गुडघ्यांवर व घोट्यांवर येतो. गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ २०१५ पासून २०१९ पर्यंत सलग पांच वर्षें अंतिम फेरींत गेला होता व त्यानें तीनदां विजेतेपद मिळविलें होतें. जून २०१९ मध्यें अंतिम फेरींतच क्ले थॉम्सनचा गुडघ्याचा बंध तुटला. ऑक्टोबरांत स्टीफन करीचा हात मोडला. केव्हिन डुरँट तर संघ सोडूनच गेला. परिणाम असा झाला कीं, काल-परवांचा हा विजेता पुढच्या मोसमांत ६५ सामन्यांपैकीं ५० हरला आणि सर्व संघांत तळाशीं गेला. थॉम्सनला तर सरावांत पुन्हां टांचेवरची शीर तुटण्याचा दुर्धर प्रसंग आला. तो मैदानांत परतला तो ९ जानेवारी २०२२ रोजीं, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळानें. त्याच वर्षीं जूनमध्यें वॉरियर्सनीं पुन्हां विजेतेपद मिळविलें. मधल्या काळांत त्याला घाईनें उभा करण्याचा मोह आंवरला गेला, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

दुसरी हकीकत आमच्या घरची आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं प्रो कबड्डी लीगमध्यें यू मुंबा संघाकडून प्रथम उतरला. लिलावांत त्याची किंमत सुमारें ३६ लक्ष रुपये झाली होती. त्या एकाच मोसमांत त्यानें चढायांचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले, आणि पुढच्या वर्षीं तेलुगू टायटन्स संघानें त्याच्यासाठीं १ कोटि ४५ लक्ष रुपये मोजले. डिसेंबर २०२१ मध्यें आठवा मोसम करोनाच्या साथीमुळें एकट्या बंगळुरूंत, प्रेक्षकांवांचून भरला. पहिल्या कांहीं सामन्यांतच सिद्धार्थ जायबंदी होऊन बाहेर बसला. टायटन्सची सारी मांडणी त्याच्याभोंवतीं केलेली होती. नवख्या मुलांनीं चढाया केल्या, कांहीं सामने बरोबरींतही सोडविले. पण २२ सामन्यांत विजय मिळाला तो एकच, आणि संघ बारांत बारावा आला.

येथेंच थांबलों तर ‘एक खेळाडू पडला म्हणून संघ बुडाला’ असा सोपा निष्कर्ष निघेल. परंतु पुढच्या मोसमांत सिद्धार्थ परतला, आणि तरीही टायटन्सना २२ पैकीं दोनच सामने जिंकतां आले. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, दुखापतीनें संघ दुबळा होतो हें खरें असलें, तरी मूळचा दुबळेपणा उघड करण्याचें कामही तीच करते. ज्या घरांत मिळवता एकच आहे, तेथें तो आजारी पडल्यावर काय होतें तें कोणा गृहिणीस समजावून सांगावयास नको. मिळवता बरा झाला म्हणून घराची घडी दुसऱ्या दिवशींच बसते असेंही नाहीं.

तिसरी हकीकत याच्या अगदीं उलट आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यांत भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियांत होता. अॅडलेडच्या पहिल्या कसोटींत सारा डाव ३६ धावांत आटोपला व महंमद शमीचा हात मोडला. कर्णधार विराट कोहली अपत्यजन्मानिमित्त स्वदेशीं परतला आणि धुरा डोंबिवलींत वाढलेल्या अजिंक्य रहाणेवर आली. मेलबर्नला त्यानें ११२ धावा काढल्या, सामना जिंकला. पण तेथेंच उमेश यादवची पोटरी दुखावली. सिडनीला रवींद्र जडेजाचा अंगठा मोडला, हनुमा विहारी दुखऱ्या मांडीनिशीं तासन्‌तास उभा राहिला, अश्विनची पाठ धरली. जसप्रीत बुमराही जायबंदी झाला. ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीस मुख्य गोलंदाजांपैकीं एकही उरला नाहीं. नटराजन व वॉशिंग्टन सुंदर यांची ती पहिलीच कसोटी. आणि शार्दूल ठाकूरची दुसरी.

हा शार्दूल पालघरचा. म्हणजे त्याच्या लहानपणीं आपल्या ठाणें जिल्ह्यांतलाच, कारण पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ सालीं. त्याच्या पहिल्या कसोटीची कथा फार थोड्यांच्या स्मरणांत असेल. ऑक्टोबर २०१८ मध्यें हैदराबादेस वेस्ट इंडीजविरुद्ध त्यानें अवघे दहा चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीनें तो बाहेर गेला. वर्षानुवर्षें लोकलच्या गर्दींत खेळाची पिशवी संभाळून गांठलेलें स्वप्न दहा चेंडूंत संपलें, असें त्या दिवशीं कोणीही म्हटलें असतें. दुसरी संधि येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. ब्रिस्बेनला भारताचे सहा गडी १८६ धावांवर बाद झाले असतां त्यानें सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली, स्वतः ६७ काढल्या, आणि दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ रोजीं भारतानें ३२८ धावांचें लक्ष्य गांठून तीन गडी राखून सामना जिंकला. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच हरली.

जायबंदी खेळाडूंची यादी टायटन्सपेक्षां या संघाचीच लांब होती. फरक होता तो मागें बसलेल्यांच्या तयारीचा. आमच्या एकत्र कुटुंबांत थोरली सून बाळंतपणाला गेली तर धाकटीच्या हातीं पळी जाते, आणि पंगत खोळंबत नाहीं. पण धाकटीला त्यापूर्वीं चुलीपाशीं उभें राहूं दिलेलें असावें लागतें. कबड्डींत सात गडी मैदानांत आणि पांच बाहेर राखीव असतात. पुष्कळ गांवसंघांत हे पांच केवळ पाण्याच्या बाटल्या संभाळतात.

कबड्डीची एक मौज अशी कीं, तींत बाद झालेला गडी आपल्या बाजूनें गुण मिळवितांच पुन्हां जिवंत होऊन आंत येतो. शरीराचा नियम मात्र असा उदार नाहीं. गुडघ्याच्या मध्यभागीं मांडीचें व नडगीचें हाड जोडणारे दोन बंध कातरीसारखे एकमेकांस छेदून जातात. पैकीं पुढचा बंध वळतांना किंवा उडीवरून उतरतांना तुटतो, आणि पुष्कळदां कोणाचा स्पर्शही नसतो. आवाज होणें आणि दोन-चार तासांतच गुडघा फुगणें, हीं त्याचीं लक्षणें. कारण आंत रक्तस्राव झालेला असतो. पूर्ण तुटलेला हा बंध सहसा आपोआप पूर्वीसारखा सांधत नाहीं. सरळ चालणारास तो पुढें फारसा जाणवत नाहीं, म्हणूनच माणूस फसतो. सूज उतरली, पाय चालूं लागला, कीं तो पुन्हां खेळावयास जातो. गुडघा निसटतो आणि आंतील कूर्चेच्या गाद्या फाटतात. त्याची किंमत चाळिशींत जिना चढतांना मोजावी लागते.

म्हणून असा प्रसंग आल्यास खेळ तात्काळ थांबवावा. गुडघ्यास विश्रांति द्यावी, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें लावावा, लवचीक पट्टी बेताची आंवळावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. गरम तेलाचें मर्दन पहिल्या दोन-तीन दिवसांत मुळींच करूं नये. त्यानें सूज वाढते. नंतर अस्थितज्ज्ञास दाखवावें. शस्त्रक्रिया करावी लागली तर रोग्याच्याच शरीरांतील शिरेचा तुकडा घेऊन नवा बंध बसवितात, आणि मांडीचे स्नायु पुन्हां बळकट होऊन मैदानांत उतरण्यास साधारण नऊ महिने किंवा अधिक लागतात. हे महिने कंटाळवाणे खरे. पण घाईनें परतणारांचा गुडघा पुन्हां दुखावण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो, असें तज्ज्ञांच्या पाहणींत दिसून आलें आहे.

शेलारचा तो मुलगा अंतिम सामना खेळला नाहीं. काठी टेकून तो रेघेबाहेर बसला होता. आम्हीही तेथें होतों. त्याच्या जागीं एक सतरा वर्षांचा पोरगा उतरला. पहिल्या दोन चढायांत पकडला गेला, तिसरींत एक गुण घेऊन आला, तेव्हां सर्वांत मोठ्यानें ओरडला तो आमचा हाच काठीवाला. संघ चार गुणांनीं हरला. ढाल शेजारच्या गांवीं गेली. परततांना संघांतील कोणी त्याच्याशीं बोललें नाहीं; पुढें आठ दिवस बोललें नाहीं. तपासणींत पुढचा बंध तुटल्याचें दिसलें. शस्त्रक्रियेसाठीं मास्तरांनीं वर्गणी काढली. संघांतल्या निम्म्या मुलांनीं पैसे दिले, निम्म्यांनीं दिले नाहींत. रोजंदारी बुडाली ती वेगळीच. आईनें शिलाईचीं कामें वाढवून घेतलीं.

या हिशेबांत आम्हांस खरी खोंच दिसते. सिद्धार्थ देसाईसारख्या खेळाडूच्या मागें संघाचे वैद्य आणि करार असतात. गांवच्या खेळाडूच्या मागें त्याची आई असते. बक्षिसाच्या रकमेंतून चार पैसे दुखापतीसाठीं बाजूस काढावे, खेळाडूंचा अपघातविमा उतरावा आणि राखीव गड्यांस प्रत्येक सामन्यांत थोडा वेळ तरी आंत घ्यावें, एवढें प्रत्येक मंडळास करतां येण्यासारखें आहे. आणि घरांतील वडील मंडळींनींही, मुलगा जिंकून आला म्हणजे जितक्या कौतुकानें विचारपूस करावी, तितक्याच कौतुकानें तो बसून राहिला म्हणजे करावी.

परवां मास्तरांचा फोन आला होता. शस्त्रक्रियेला सात महिने झाले. मुलगा रोज पहांटे पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करतो, आणि संध्याकाळीं त्या सतरा वर्षांच्या पोराला चढाई शिकवितो. आठवड्यांतून एकदां ओटीवर येऊन विचारतो, “सर, आतां चालेल ना?” मास्तर म्हणतात, “अजून दोन महिने.” आणि मातुःश्री आंतून त्याच्यासाठीं चहा पाठवितात.