पोकेमॉनच्या पुढच्या गेममधला 'लेजेंडरी' कोण? चाहते अंदाज कसे बांधतात आणि कुठे फसतात?

पोकेमॉनचे सुरुवातीचे गेम खेळलेल्या कुणालाही ट्रकची गोष्ट विचारा. गेममधल्या व्हर्मिलियन शहराच्या बंदरात एक ट्रक उभा होता. त्याचा गेममध्ये काहीच उपयोग नव्हता. पण पोरांमध्ये अफवा पसरली, की हा ट्रक हलवला की खाली म्यू नावाचा दुर्मीळ पोकेमॉन सापडतो. कित्येकांनी त्यापायी तासन्‌तास घालवले. म्यू काही सापडला नाही.

गंमत म्हणजे म्यू गेममध्ये खरंच होता. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं अगदी शेवटच्या टप्प्यात, उरलेल्या जराशा मेमरीत तो गुपचूप बसवला होता. फक्त ट्रकखाली नव्हता.

१९९६ मध्ये जपानमध्ये पहिला गेम आला, त्यानंतर पोकेमॉनच्या नऊ पिढ्या झाल्या. आता दहाव्या पिढीच्या लेजेंडरींबद्दल रील्स आणि थ्रेड्सचा पाऊस पडतोय. त्यातलं काय गांभीर्यानं घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, ते समजून घेऊ.

लेजेंडरी म्हणजे नेमकं काय?

साधे पोकेमॉन गवतात, पाण्यात, गुहेत हवे तेवढे सापडतात. लेजेंडरी मात्र साधारणपणे एका गेममध्ये एकदाच भेटतो आणि त्या प्रदेशाची दंतकथा त्याच्याभोवती फिरते. मुख्य गेम बहुतेक वेळा जोडीनं येतात आणि प्रत्येकाच्या कव्हरवर वेगळा लेजेंडरी असतो. म्हणूनच आधी चर्चा होते ती कव्हरवर कोण असणार याची.

म्यूसारखे पोकेमॉन 'मिथिकल' या वेगळ्या गटात मोडतात. ते बहुतेक वेळा खास इव्हेंटमधूनच मिळतात.

अंदाज कशावरून बांधतात?

पहिला धागा म्हणजे गेमचं नाव. 'एक्स' आणि 'वाय' या २०१३ च्या गेममध्ये झर्नियसच्या डोळ्यांत एक्सचा आकार होता, तर इव्हेल्टल पंख पसरून वायसारखा दिसत होता.

दुसरा धागा लोगो. 'सोर्ड' आणि 'शील्ड' हे गेम २७ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर झाले, तेव्हा लोगोत लांडग्याची डोकी दिसत होती. चाहत्यांनी लगेच लांडगे ओळखले. ५ जूनला झाशियन आणि झामाझेंटा समोर आले. दोघंही लांडग्यासारखेच, एकाच्या तोंडात तलवार आणि दुसऱ्याच्या अंगावर ढालीसारखं कवच.

तिसरा धागा पोकेमॉनचं नाव. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये कोरायडॉन आणि मिरायडॉन आले. जपानीत 'कोराई' म्हणजे प्राचीन काळापासूनचं आणि 'मिराई' म्हणजे भविष्य. त्यामुळे गेम हातात येण्याआधीच भूतकाळ विरुद्ध भविष्य ही थीम लोकांनी ओळखली होती.

मग फसतात कुठे?

सरळ तर्क लावला की कंपनी चकवा देते. २०१० च्या 'ब्लॅक'च्या कव्हरवर होता पांढरा रेशिराम आणि 'व्हाइट'च्या कव्हरवर काळा झेक्रोम!

त्याहून मोठा चकवा झायगार्डचा. रूबी-सफायरनंतर एमराल्ड, डायमंड-पर्लनंतर प्लॅटिनम असा तिसरा गेम यायचा आणि त्यात तिसरा लेजेंडरी पुढे यायचा. म्हणून एक्स आणि वायनंतर 'पोकेमॉन झेड' येणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. तो आलाच नाही. झायगार्डला त्याचा मोठा रोल मिळाला थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये, 'लेजेंड्स: झेड-ए'मधून.

म्हणजे पॅटर्न ही खूण आहे, नियम नाही.

अंदाज वेगळा, लीक वेगळं

हा फरक सोशल मीडियावर पुसला जातो. कंपनीनं दाखवलेल्या गोष्टींवरून डोकं लढवणं हा अंदाज. कुणाची तरी माहिती चोरून ती पसरवणं हे लीक.

ऑगस्ट २०२४ मध्ये पोकेमॉन गेम बनवणाऱ्या गेम फ्रीकच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं ते मान्य केलं. आजी-माजी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची नावं, ईमेल अशा २,६०६ नोंदी त्यात बाहेर गेल्या होत्या. आपण 'भारी लीक' म्हणून शेअर करत होतो, तेव्हा त्या लोकांची खासगी माहिती वाऱ्यावर होती. शिवाय अशा साठ्यात जुनी, रद्द झालेली डिझाइन्सही असतात. त्यामुळे लीकमध्ये दिसलं म्हणजे गेममध्ये येणारच, असंही नाही.

लीक करणं महागातही पडतं. 'सोर्ड' आणि 'शील्ड'च्या छपाईतल्या गाइडबुकचे फोटो बाहेर आले, तेव्हा कंपनी अमेरिकेत कोर्टात गेली. २०२१ मध्ये दोघांवर प्रत्येकी दीड लाख डॉलर भरण्याची वेळ आली.

शेअर करण्याआधी एवढं तपासा

पोस्टमधला पुरावा अधिकृत ट्रेलर किंवा लोगोतून आलाय का? तो तुम्हाला स्वतः जाऊन बघता येतो का? की फक्त धूसर स्क्रीनशॉट आणि 'माझा सोर्स पक्का आहे' एवढंच आहे? एआयनं बनवलेला पोकेमॉन आता कुणीही दोन मिनिटांत काढू शकतं, हेही लक्षात ठेवा.

पुढचा प्रदेश भारतावर बेतलेला असावा, गरुड किंवा नागावरून लेजेंडरी यावेत, असं आपल्याकडच्या अनेकांना वाटतं. वाटायला काहीच हरकत नाही. हवाईवर अलोला आणि ब्रिटनवर गालार बेतला गेला, मग आपला नंबर का लागू नये? पण ती इच्छा आहे, पुरावा नाही. पोस्ट करताना तेवढं लिहिलं तरी पुरे.

आठव्या आणि नवव्या, दोन्ही पिढ्यांत घोषणा २७ फेब्रुवारीच्या पोकेमॉन डेला झाली आणि कव्हरवरचे लेजेंडरी जूनमध्ये दिसले. मधले ते तीन महिने डोकं लढवायचे. अंदाज चुकला तर चुकला, ट्रक ढकलून बघण्यातही मजा होतीच की!