चित्रकादंबरी आणि सचित्र कादंबरी

किशोरांची अद्भुतरम्य कादंबरी चित्रकादंबरीत आणणे म्हणजे मजकूर छाटून मधूनमधून चित्रे घालणे, असा समज सर्रास आढळतो. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रंगविलेल्या चित्रांसह १९१६ साली प्रसिद्ध केलेला रामायणग्रंथ देखणा खरा, परंतु तो सचित्र ग्रंथ होय. तेथे कथा मजकूर सांगतो, चित्र साक्ष देते. चित्रकादंबरीत कथा चौकटींच्या अनुक्रमातूनच (क्रमाने मांडलेल्या चित्रांतून) पुढे सरकते आणि दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत लोटलेला काळ वाचक स्वतः कल्पितो. तासगावच्या द्राक्षाचा बेदाणा होताना पाणी जाऊन गोडी दाटते, तद्वत मायानगरीचे पानभर वर्णन एका चौकटीत सामावते; मात्र नायिकेचे जे भय कादंबरीकार एका वाक्यात सांगून मोकळा होतो, त्यापायी चित्रकारास कधी चार निःशब्द चौकटी खर्ची घालाव्या लागतात.